अंगणातलं कातडं

सन १९२७, माघ महिना. मंगळवार, बाजाराचा दिवस

घाण. आज दुसरा शब्दच सुचत नाही.

सोनीचा बाप आज बाजारात बसलाच नाही. सकाळीच कुंभारी गावाला गेला आणि दुपारी कुणाच्या तरी गाडीवर बसून बैलाचं कातडं घेऊन आला. कच्चं. मीठ चोळलेलं, पण कच्चंच. शेपटीकडं शेण तसंच होतं. गल्लीतली कुत्री गाडीमागं नाचत आली. मी दारात आडवी झाले.

"हे कुनाच्या घरात न्ह्यायचं?"

"आपल्या. सरक, पानी गळतंय."

"मग गळू दे की ढोराच्या दारात!"

"ढोर ऱ्हायलाय कुटं," म्हणाला आणि मला ढकलून आत नेलं. माझ्या लुगड्याला लागलं. धुऊन वाळत घातलंय, पण वास जात नाही.

माझ्या बापानं जन्मात कच्च्याला हात लावला नाही. सासऱ्यानं लावला नाही. ढोरानं कातडं कमवायचं, चांभारानं शिवायचं, एवढं साधं आहे. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे मी शिकवायचं?

सगळं त्या कुंभारीच्या शेतकऱ्यानं केलं. मागल्या बाजारी आला आणि पायताणाचा जोड ह्याच्या पुढ्यात आपटला. "तात्याबा, चार सरी ज्वारी काढली आन् तळ उकलला. कातडं लावलंस का कागद?" चारचौघांत म्हणाला. आता ह्यात ह्याचा काय दोष? गावची कातडी सगळी अडते उचलतात, आगगाडीनं मद्रासला जातात, तिकडून रंगवलेली येतात, ती आपण पेठेतून घ्यायची. ढोर गल्लीतल्या कुंड्या कोरड्या पडल्या. सगळे चांभार तेच कातडं लावतात आणि सगळ्यांचे तळ उकलतात. पण ह्या माणसाला लागलं. त्या दिवशी जेवला नाही. आणि आज हे.

वैशाखात सोनीचं लग्न आहे. करकंबचं घर. सुपारी फुटलीय. पहिला ठरलेला मुलगा प्लेगात गेला तेव्हापासून पोरीला पांढऱ्या पायाची म्हणून कुणी दारात येत नव्हतं. अठरा सरली तिला. आता कुठं एक घर आलं, तर हिच्या बापानं अंगणात मेलेला बैल आणून टाकला.

मला लिहायला शिकवणाऱ्या मिशनच्या बाईंनी जाताना सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षर मोडेल. अक्षर मोडू दे. आज लिहिलं नाही तर मीच फुटेन.

शुक्रवार

कातडं चुन्याच्या पाण्यात बुडवलंय. डोळे चुरचुरतात. वर फेस येतो, त्यात केस तरंगतात.

आज पार्वतम्मा आली. ढोर गल्लीतल्या चनबसप्पाची बायको. आधी आमचं कातडं चनबसप्पाकडूनच यायचं. तो मागल्या साली वारला. ह्यानंच तिला बोलावलं, शिकवायला. बाईनं सरळ कुंडीत कोपरापर्यंत हात घातला, बोटं चोळून बघितली आणि म्हणाली, "तात्याबा, चुना जास्ती झाला की. कातडं जळतं. अर्धं पाणी काढा."

मग माझ्याकडं बघून म्हणते, "अक्का, थोडं नीर द्या की प्यायला."

द्यावं लागलं. ओंजळीत वरून ओतलं, तांब्या लागू दिला नाही. ओंजळ तिनं आपणच पुढं केली होती, सवय असेल. शिंतोडे उडू नयेत म्हणून मी मागं सरले एवढंच.

संध्याकाळी नळावर गेले तर पेठेतल्या बायकांनी माझी घागर पायानं सरकवली. "थांब गं, आमचं भरू दे आधी. लांब उभी ऱ्हा, पानी उडतंय." तासभर उभी. ह्या असल्या बायकांची मला शिसारी येते. देवानं काय वेगळं पाणी दिलंय का ह्यांना?

रविवार

भाकरीला वास. ताकाला वास. उठले पानावरून.

मंगळवार

बाजारातून परत आले तर अंगणात काय बघते, सोनी पदर खोचून लाकडाच्या ओंडक्यावर वाकलीय आणि सुरीनं कातडं खरवडतेय. शेजारी पार्वतम्मा कमरेवर हात ठेवून उभी. केस, चरबी, पिवळं पाणी, सगळं सोनीच्या पायांवर. आणि हसत होती कार्टी!

"आये, बघ की, आतनं कसं गोरं निघतंय!"

एक ठेवून दिली. पार्वतम्मा मध्ये पडली. "मारू नका अक्का. हात हलका हाय तिचा. माझ्या सुनेला बारा महिनं शिकवलं तरी भोकं पाडती."

"तुझी सून तुझ्यापाशी ठेव. माझी पोर वैशाखात नवरी व्हनार हाय."

"मग काय? नवरीला हात नसतेत काय?"

लई तोंड आहे ह्या बाईला. सोनीच्या बापाला म्हटलं, पोरीला आवरा. तर म्हणतो, "माझ्या हातानं भोक पडतंय. तिच्या हातानं न्हाय." आणि आरी घेऊन बसला. अंगावर चरबीचे ठिपके, आणि गडी गाणं गुणगुणतोय. सोनी जन्मली तेव्हाच काय तो असा गुणगुणला होता.

फाल्गुन, गुरुवार

आज मुडदा टांगला.

दुसरं काय म्हणू? खरवडलेलं कातडं परत शिवून त्याची थैली केली. पाय बांधले, मान वर उघडी ठेवली आणि लिंबाच्या फांदीला टांगलं. मग मानेतून बाभळीची कुटलेली साल आत कोंबली आणि वरून पाणी ओतलं. पोट फुगलं. आता ते लाल पाणी कातड्यातून झिरपतं, खाली घमेल्यात गळतं, तेच परत वर ओतायचं. दिवसभर. फुगलेला बिनडोक्याचा बैल लिंबाला लटकतोय आणि लघवी करतोय, असं दिसतं. सकाळी उठून पहिलं दर्शन त्याचं.

पार्वतम्मा म्हणते साल कातड्यात मुरली की वास बदलतो. बदललाय खरा. आधी मढ्याचा होता, आता कडवट झालाय, घशात बसतो.

होळी

बाळाबाई आली, माझी नणंद. पुरणपोळी खायला बसली आणि घास तोंडातच धरून म्हणाली, "वैनी, काय मेलंय गं?"

मी म्हटलं उंदीर असेल.

"एवढा?" म्हणत उठली आणि मागच्या दारी गेली. मी पळाले मागून, पण उशीर झाला. लिंबाखाली सोनी घमेलं घेऊन वर ओततेय, पार्वतम्मा शिवण आवळतेय आणि बाळाबाईचा भाऊ सालीवर बसून तंबाखू चोळतोय.

"अगं बाई! दादा, ढोर झालास की रं तू!"

"बस की, पोळी खा," तो म्हणाला.

नाकाला पदर लावून गेली. जाताना मी तिच्या हातात सोनीचा हात देऊन शपथ घातली, कुणाला बोलू नकोस. बोलणार नाही म्हणाली. तिचं तोंड मला ठाऊक आहे. पाडव्याच्या आत करकंबला कळेल.

फाल्गुन, अमावस्येच्या आदल्या दिवशी

सोनीच्या हातांचं काय करू?

काताच्या रंगाचे झालेत. नखांत, रेषांत, मनगटापर्यंत. राखेनं घासले, चिंचेनं घासले, लिंबू चोळलं, रॉकेल लावलं. सोलवटले, रक्त आलं, रंग गेला नाही. हळदीच्या दिवशी सगळ्या बायका हेच हात धरणार आहेत.

"आये, ऱ्हाऊ दे की. जाईल हळूहळू."

"हळूहळू? वैशाख काय थांबतोय व्हय तुझ्यासाठी?"

तिनं हात पदराला पुसले. मग विचारलं, "आये, गड्ड्याच्या जत्रंत त्यांनी मला बघितलं तवा माझ्या हाताकडं बघितलं आसंल का?" रामहरीबद्दल, करकंबच्या त्या मुलाबद्दल विचारत होती. मी म्हटलं पुरुष हात बघत नाहीत. हसली. ह्या पोरीला कशाचंही हसू येतं.

चैत्र, शनिवार

कातडं उतरवलं. फाडून उघडं केलं, धुतलं, सावलीत वाळवलं, करंजाचं तेल जिरवलं. सोनीच्या बापानं ते वाकवून माझ्या कानाशी आणलं. "आवाज ऐक." मला तर काहीच ऐकू आलं नाही. नुसता तेलाचा वास आला. "कुरकुरत न्हाय," म्हणाला. "बग की, कुरकुरत न्हाय." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. कातड्यासाठी! लग्न ठरलं तेव्हा आलं नव्हतं.

दुपारी निरोप आला. करकंबहून व्याही आप्पा सोमवारी येतायत. रामहरीचा बाप. आमच्या जातीचे पंच घेऊन बसणार आहेत, आमच्याच अंगणात. बाळाबाईनं काम केलं.

सोमवार

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

येडू पंच मध्ये बसला, आप्पा त्याच्या उजव्या हाताला, बाकीचे भिंतीला. मी आणि सोनी दाराआड. कातडं खाटेवर पसरलेलं होतं, ते ह्यानं लपवलंही नाही.

येडू म्हणाला, "तात्याबा, कच्च्याला हात लावलास, खरं का?"

"हातानंच केलं. पायानं कसं करू?"

भिंतीकडचा एक जण हसला. येडूनं डोळे वटारले. "चेष्टा नगं. जातीचा प्रश्न हाय. उद्या समदे कमवाय लागले तर चांभार कोन आन् ढोर कोन?"

आप्पा मान हलवत होते. म्हणाले, "आमास्नी गावात तोंड दावायचंय पंच. ढोराच्या घरातली पोरगी केली म्हनतील."

निकाल लागला. जातीला जेवण घालायचं. पार्वतम्मानं पुन्हा ह्या अंगणात पाऊल टाकायचं नाही. आणि कातडं ओढ्यात फेकायचं, आजच्या आज. तर लग्न राहील.

सोनीच्या बापानं दाराकडं बघितलं. मी मानेनं सांगितलं, व्हय म्हणा. तो म्हणाला, "बरं."

देवाला हात जोडले मी. सुटलो म्हटलं. घाण जाईल, पोर जाईल सुखानं.

मग येडू उठला, कातडं उचलायला. उचललं आणि तिथंच थांबला. अंगठ्याचं नख रोवून बघितलं. वाकवलं. कानाशी नेलं. बाकीचे उठले, तेही आले. कुणी कड चिमटीत धरतोय, कुणी नाकाशी नेतोय. चांभाराच्या हाताला असलं कातडं लागून किती दिवस झाले असतील.

"सालीत किती ठेवलंस रं?" येडूनं विचारलं, हळूच, सासरवाडीला आल्यासारखा.

सोनीच्या बापानं सांगितलं.

"ओढ्यात टाकायचं म्हंजे..." येडू म्हणाला, "खालच्या अंगाला गुरं पानी पितात. उगं पाप."

"मला दोन टाचा निघतील," भिंतीकडचा म्हणाला.

"माझ्या मोटंला एक ठिगळ पायजे हुतं."

आमच्याच घरातून रापी मागवली. माझ्याच डोळ्यांदेखत. कोंबडं कापल्यासारखं कापलं. मान ह्यानं घेतली, पाय त्यानं, येडूनं मागचा तुकडा. आणि पाठ, सगळ्यात जाड, सरळ, एकसारखी पाठ, ती आप्पांनी गुंडाळून काखेत धरली. तोंडानं म्हणत होते, "जाळून टाकतो घरी नेऊन."

सोनीच्या बापासाठी पोटाकडचं लुळं कातडं राहिलं. ते त्यानं घडी घालून कोपऱ्यात ठेवलं आणि पाहुण्यांना तंबाखू दिली.

मी कच्च्या कातड्यात किडे बघितलेत. त्यांचीसुद्धा मला एवढी घाण वाटली नव्हती.

मंगळवार

आप्पा काल येडूच्या घरी राहिले. आज इकडं जेवायला आले. जेवून हात धुवायला मागं आले, तिथं मी भांडी घासत होते. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाले, "इहीनबाई, पोरीचे हात बघितले मी."

मी भांडं खाली ठेवलं. म्हटलं, "जाईल तो रंग. मी घासतेय."

"घासू नका. भ्या कशाला?" हसले. "आमच्या घरामागं वाडगं हाय. काट्याची कुपाटी पार डोक्याच्या वर. कुनाला दिसत न्हाय आत. बाभळी तर रगड हायेत. पोरीला येतंय नव्हं? ती आत कमवंल, रामहरी म्होरं शिवंल. मद्रासचं कातडं कशाला पायजे मग?"

"आन् पंच?"

"पंचांस्नी काय, तळ मिळाला की गप."

"आन् जात?"

"आत काय चालतंय ते जातीला कशाला सांगायचं? बाहेर आपुन चांभारच की."

मी विचारलं, "आन् पोरगी बाहेर येनार कवा?"

"बाहेर कशाला?" त्यांना खरंच कळेना. "तसले हात घिऊन पानवठ्यावर कशी पाठवायची? तिचं पानी बी आमच्या घरातलं कोनीतरी भरंल. तुमच्या पोरीला राबाय न्हाय लागायचं बाहेर."

उपकार केल्यासारखं बोलत होता माणूस. माझ्या हातात राखेचा गोळा होता. तोंडावर मारावासा वाटला. मारला नाही. "बरं," म्हटलं, "उद्या बोलू."

ते गेल्यावर सोनीला सांगितलं. सगळं. काही झाकलं नाही. ती नखं बघत बसली.

"त्यांस्नी ठाव हाय का हे?" म्हणाली. रामहरीला.

"ठाव असल्याबिगर बाप बोलंल व्हय?"

"आये, कमवायचं मला आवडतंय. खरं सांगते. पर हितं लिंबाखाली वारं लागतंय. पार्वतम्मा बोलायला असती. माझा बा गानं म्हनतोय." मग म्हणाली, "तू म्हनशील तसं."

मी म्हणेन तसं! मी गेले तीन महिने काय म्हणत होते हिला ऐकू आलं नाही का? मी म्हणत होते, ही घाण ह्या घरातून जाऊ दे. आता ती जायला निघालीय तर पोरीलाच गुंडाळून नेतेय.

बुधवार

सकाळी येडूच्या दारात गेले. आप्पा निघायच्या तयारीत होते, गाडी जुंपलेली. पाठ मागं गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. जाळायचं कातडं कुणी असं जपून नेतं?

मी म्हटलं, "आप्पा, सुपारी मोडली."

ते हसले आधी. मग येडू बाहेर आला, शेजारचे आले. मी मोठ्यानं सांगितलं, कुपाटीच्या आतलं सगळं. आप्पा म्हणाले खोटं बोलतेय. येडू म्हणाला, "बाई, तुझा नवरा कुटं हाय? बायकांनी सुपारी मोडायची पद्धत हाय व्हय?"

"पद्धत मला नगो शिकवू, येडूदादा. तुझ्या बाजंखाली मागचा तुकडा हाय, तो आन."

"काय?"

"कातडं आन माझं. ओढ्यात टाकायला दिलं हुतं. टाकलं न्हाईस, तर माझं हाय."

आणि मी गाडीतून गोणपाट ओढलं. आप्पांनी दुसरं टोक धरलं. भर रस्त्यात आम्ही दोघं एका बैलाच्या पाठीसाठी ओढाओढी करतोय! लोक हसत होते. मला काही वाटलं नाही. त्यांचा हात सुटला, मी मागं पडले, कातडं माझ्या छातीवर.

मग दारोदार गेले. टाचावाल्यानं टाचा कापून ठोकल्यासुद्धा होत्या, त्याच्याकडं उरलेलं आणलं. मोटेचं ठिगळ आणलं. येडूनं शेवटी बायकोच्या हातून तुकडा पाठवला, स्वतः बाहेर आला नाही.

"वाळीत पडाल," त्याची बायको म्हणाली, पण वाईट वाटून म्हणाली.

घरी आणून सगळं सोनीच्या बापापुढं टाकलं. म्हटलं, "घ्या. लग्न मोडून आले." तो तुकडे जुळवून बघायला लागला, जमिनीवर, पाठ, मान, पाय. बैल पुन्हा उभा राहतोय की काय असं बघत होता. जेवताना माझ्या भाकरीवर तूप वाढलं, स्वतःच्या हातानं. हातांना करंजाच्या तेलाचा वास होता. खाल्लं मी.

सोनी रडली. मी विचारलं, त्याच्यासाठी का? तिनं तोंड पदरात घातलं. पुरुष हात बघत नाहीत असं मी सांगितलं होतं तिला. मला काय ठाऊक.

चैत्र वद्य, रविवार

वाळीत पडलो. कुणी विस्तव देत नाही, बाळाबाई दारावरून जाताना मान फिरवते. जेवणावळीचा खर्च वाचला एवढंच बरं.

पार्वतम्मा रोज येते. आज भाकरी घेऊन आली होती, आमच्यातच बसून खाल्ली, सोनीला अर्धी दिली. मी बघितलं. चुलीत लाकूड सारत राहिले.

उद्या दुसरं कातडं येणार आहे. म्हशीचं आहे म्हणे, त्याची घाण बैलापेक्षा जास्त. मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, कच्च्याला मी हात लावणार नाही, मेले तरी. पण ह्यांनी साल कुटली तर नुसते धोंडे राहतात, भुगा होत नाही, रस उतरत नाही, बघून जीव जळतो. तेवढी मी कुटून देईन. साल झाडाची असते.